पंचवीस मिनिटं पुढे

"ताई, तुमच्या कॉम्प्युटरवर किती वाजलेत?" आमच्या दवाखान्यांची यंत्रणा सांभाळणाऱ्या इंजिनियरचा फोन होता.

"चार चाळीस."

"आणि खरे?"

"सव्वाचार." मी हसले. "माझी सगळीच घड्याळं पुढे असतात हो. बावीस वर्षांत एक लेटमार्क नाही. आमचे हे म्हणतात, तुझ्याकडे उद्याचा दिवसच उजाडलेला असतो."

तो हसला नाही.

"चित्रकलेच्या मास्तरांचं कार्ड सकाळी तुम्ही उघडलं होतं?"

"हो. पावणेदहाला नोंदणीच्या टेबलावर त्यांच्या बायकोचा फोन आला, पुलापलीकडे राहायला गेलोय म्हणून. पत्ता बदलला. का?"

"दुपारी त्यांना बाजारातल्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं. सोसलं नाही. मोठ्या हॉस्पिटलात आहेत, श्वास घेता येत नाहीये."

माझा काय संबंध ते मला अजून कळेना. मग त्याने एकेक करून सांगितलं.

आमचे दवाखाने पाच. कुठलंच मशीन मुख्य नाही. प्रत्येकाकडे प्रत्येक पेशंटच्या कार्डाची प्रत, आणि एकाने काही बदललं की बाकीचे आपापल्या प्रतीत ते उतरवून घेतात. एकाच कार्डाला दोन ठिकाणी हात लागला, तर ज्यावर नंतरची वेळ ते अख्खं कार्ड राहतं आणि दुसरं जातं. हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं, चांगल्या अक्षरात.

दहा वाजून पाच मिनिटांनी पुलापलीकडच्या सिस्टरने मास्तरांना त्याच इंजेक्शनचा चाचणीपुरता थेंबभर डोस दिला. हात सुजला. तिने लिहिलं, हे इंजेक्शन कधीही देऊ नये. माझा पत्ता तिच्या वीस मिनिटं आधीचा, पण माझ्या घड्याळाने त्यावर दहा वाजून दहा मिनिटं टाकली होती. माझं कार्ड राहिलं, तिचं गेलं. आणि माझ्या कार्डावर जुनीच ओळ होती : पूर्वी दिलं आहे, सोसतं.

दुपारी ताप चढला. पुलापलीकडचा दवाखाना एकला बंद होतो, बायको कामावर. शेजाऱ्याने ग्लानीतच त्यांना बाजारात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड वाचलं आणि सुई टोचली.

"मी तुमचं घड्याळ इथून सरळ करतो," इंजिनियर म्हणाला. "वर कळवताना सिस्टिमचा घोळ लिहितो. कोण बघतंय?"

मला हो म्हणावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाटलं. मी फोन ठेवला, पर्स घेतली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा वेळेआधी निघाले.

अतिदक्षता विभागाबाहेर मास्तरांची बायको बाकावर बसली होती. मांडीवर त्यांचा चष्मा. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, घड्याळासकट.

"लेटमार्क लागू नये म्हणून?" तिने विचारलं.

"हो."

"एवढ्यासाठी?"

"हो."

"सांगितलं नसतं तर कळलं असतं कुणाला?"

"नाही."

ती रडली असती, मला शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिने चष्म्याच्या काड्या मिटल्या, परत उघडल्या.

"ते शुद्धीवर आले की हे त्यांना सांगायचं. तुमच्या तोंडाने," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

"आले नाहीत तर?" हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही.

तिने पदराने चष्मा पुसायला घेतला.

सहाला भेटीची वेळ संपली. पहारेकरी एकेकाला बाहेर काढत आमच्यापर्यंत आला. "फक्त घरच्यांनाच थांबता येईल. बाई, तुम्ही पेशंटच्या कोण?" त्याने मला विचारलं.

मी पर्स खांद्याला अडकवली आणि निघायला वळले.

"राहू द्या त्यांना," ती त्याला म्हणाली. "थांबणार आहेत त्या."