ठरावाच्या बाजूने

व्याख्यानमालेच्या मंडपात टाळ्या वाजल्या की पुढच्या रांगेतली पोरं उठून लढाईला जायची, हे त्या वर्षी गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही माणिकताई सबनीस बोलणार म्हटल्यावर मंडप दुपारपासूनच भरला. चांगलं वक्तृत्व ऐकायला मिळणार असेल तर आमचं गाव बाकी कसलाही विचार करत नाही.

विषय पत्रिकेवर ठळक छापला होता: लष्करभरती सक्तीची हवी. लढाई कुणाशी चालली आहे, ते छापायचं राहून गेलं होतं. कुणी विचारलंही नाही. लोकांना विषयाशी फारसं देणंघेणं नव्हतं. माणिकताई तात्या किरकिऱ्यांना यंदा कसं पाणी पाजतात, ते बघायचं होतं. तात्या गावचे जुने होमिओपॅथीचे डॉक्टर. दर वर्षी ते माणिकताईंच्या समोर उभे राहत, खरं तेच बोलत आणि हरत.

कोणी कुठली बाजू मांडायची, ते आमच्याकडे सुपारीवर ठरतं. तांब्यात एक अख्खी सुपारी टाकतात आणि एक फोडलेली. अख्खी हाताला लागली तर ठरावाच्या बाजूने बोलायचं, फोडलेली लागली तर विरोधात. वक्त्याच्या मनात काय आहे, ते विचारायची पद्धत नाही. उलट मनात नसलेली बाजू जो जीव ओतून मांडतो तोच खरा वक्ता, असं माणिकताई हायस्कुलात वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी तांब्यात हात घातला आणि अख्खी सुपारी वर काढली. लोक खूश झाले. तात्यांना काय, कुठलीही आली असती तरी चाललं असतं.

माणिकताईंचा मुलगा श्रीरंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. सभा सुरू होण्याआधी त्यांनी त्याला मंडपाच्या खांबापाशी गाठलं.

"तू घरी जा," त्या म्हणाल्या.

"कॉलेजनं हजेरी सक्तीची केलीय, आई. नाही आलो तर परीक्षेला बसू देणार नाहीत."

"मग मागं बस. अगदी शेवटच्या रांगेत."

"तूच आज जरा कमी चांगलं बोल ना," श्रीरंग हसत म्हणाला.

त्या हसल्या नाहीत. कमी चांगलं बोलायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

मंडपात उजव्या हाताला कॉलेजची पोरं बसली होती, डाव्या हाताला त्यांचे आईबाप. सगळे आत आल्यावर मंडपवाल्याने दाभण आणि सुतळी घेऊन दार शिवून टाकलं. वारा येतो, असं कारण त्याने सांगितलं. आता बाहेर पडायची वाट एकच उरली, ती व्यासपीठाच्या मागच्या पडद्यातून. पडद्यापलीकडे ट्रकचं इंजिन चालू होतं. त्याचा आवाज मधे येऊ नये म्हणून ध्वनिक्षेपक वाढवला होता.

व्यासपीठावर मधोमध अध्यक्ष बापूसाहेब पाटणकर बसले. त्यांच्या शेजारी तीन जवान होते. त्यांना ठरावाला अनुमोदन देण्यासाठी थेट लढाईवरून आणलं होतं. त्यातला एक हणमंत शेडगे, आमच्याच गावचा, माणिकताईंचा जुना विद्यार्थी. त्याने उठून बाईंच्या पाया पडायचा प्रयत्न केला, पण त्याचे बूट फळीला घट्ट चिकटले होते. त्यामुळे तो बसल्या जागीच वाकला.

बापूसाहेबांनी नियम वाचून दाखवले. आधी माणिकताई, मग तात्या, शेवटी समारोप पुन्हा माणिकताईंचा. ठराव फेटाळला गेला तर आतापर्यंत गेलेली पोरं परत येतील, मंजूर झाला तर राहतील. वक्त्याला आपली वेळ संपेपर्यंत ध्वनिक्षेपक सोडता येणार नाही. "बाकी सगळं नेहमीप्रमाणेच," बापूसाहेब म्हणाले.

माणिकताई उभ्या राहिल्या. सुरुवात त्यांनी अगदी हळू केली, हा त्यांचा हातखंडा. देश म्हणजे नकाशा नव्हे, त्या म्हणाल्या, देश म्हणजे शेजारच्या घरात पेटलेली चूल. ती विझवायला कुणी आलं तर तुम्ही आधी स्वतःची सवड बघणार आहात का? वाक्य बरं जमलं होतं. डावीकडून टाळ्या आल्या. पुढच्या रांगेतली पोरं उठली, एकापाठोपाठ एक व्यासपीठाच्या पायऱ्या चढली आणि पडद्याआड गेली. त्यांच्या आया टाळ्या वाजवतच होत्या. एकीला पोराच्या हातात पाण्याची बाटली द्यायची होती. बाटली मांडीवर होती, पण हात एकमेकांपासून सुटेनात. रांग पूर्ण आत गेली तेव्हाच सगळ्यांचे हात थांबले, आणि त्या बायका तळव्यांवर फुंकर घालत बसल्या.

मग रिकाम्या खुर्च्या मिटल्या आणि मागची रांग पुढे सरकली. तिच्यामागची तिच्याजवळ आली. मंडपाचं मागचं कापडही तेवढंच पुढे आलं.

हे माणिकताईंनी पाहिलं. पण श्रीरंग अजून लांब होता, इतका लांब की त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता, फक्त शर्टाचा पिवळा रंग दिसत होता. आणि दुसरं वाक्य जिभेवर तयार होतं, ते पहिल्यापेक्षा चांगलं होतं. ते त्यांनी म्हटलं. मग तिसरं म्हटलं. खोटं कशाला बोला, त्यांना मजा येत होती. इतकी दाद त्यांना जन्मात मिळाली नव्हती. प्रत्येक वाक्याला एक रांग उठत होती, आणि समोरचे लोक मान डोलावत म्हणत होते, काय बोलतात बाई. त्यांची वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा मंडप निम्मा उरला होता आणि श्रीरंगच्या शर्टाची बटणं दिसू लागली होती.

तात्या उठले. दम्यामुळे ते वाक्याच्या मधेच थांबत. ते म्हणाले, "जो आपणहून जातो त्याला निदान आपण कशासाठी गेलो ते ठाऊक असतं. ज्याला ओढून नेता, त्याला तुम्ही काय म्हणून परत आणणार?" कुणी टाळी वाजवली नाही. तात्यांना टाळ्या मिळायच्याच नाहीत. त्यांचं बोलणं लोकांना औषधासारखं वाटे, घ्यावं असं पण आवडीनं नव्हे. मग ते वळून जवानांकडे बघू लागले.

"हणमंता, तू सांग," ते म्हणाले. "तू तिथनं आलायस. ही लढाई तुला हवीय का?"

हणमंतने बापूसाहेबांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "डॉक्टर, म्या सांगतो खरं काय ते," तो म्हणाला, आणि पुढचं बोलायला त्याने तोंड उघडलं तर शब्दांऐवजी वाळू आली. कोरडी, बारीक वाळू. ती त्याच्या हनुवटीवरून मांडीवर आणि मांडीवरून फळीवर पडत राहिली. दोन्ही हातांनी ती अडवायचा त्याने प्रयत्न केला. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी घमेलं आणून खाली ठेवलं, ते भरेपर्यंत वाट पाहिली आणि ध्वनिक्षेपकावर सांगितलं, "जवानांनी ठरावाला संपूर्ण पाठिंबा दिला आहे."

हणमंत जोरजोरात मान हलवू लागला. दुसरं घमेलं भरलं.

"जवान भारावून गेले आहेत," चिटणीस म्हणाले. लोकांनी डोळे पुसले.

तात्या परत निघाले. माणिकताईंच्या जवळून जागेवर जाताना ते हळूच म्हणाले, "माणिक, या वेळी हर. मी कुणाला सांगणार नाही."

आता समारोप. माणिकताई ध्वनिक्षेपकासमोर आल्या तेव्हा तो त्यांच्या हाताला हणमंतच्या बुटांसारखाच घट्ट चिकटला. समोर थोड्याच रांगा होत्या. श्रीरंगचा चेहरा आता स्पष्ट दिसत होता. तो घाबरलेला नव्हता, आईचं भाषण लहानपणापासून जसं ऐकत आला तसंच ऐकत होता, ओठ किंचित उघडे ठेवून.

हरायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. आणि हरणं किती सोपं होतं. तात्यांचं बरोबर आहे, एवढंच म्हणून गप्प बसायचं. पोरं परत आली असती, दार उसवलं असतं. त्यांनी तोंड उघडलं. "डॉक्टर किरकिरे म्हणतात ते," त्यांनी सुरुवात केली आणि तात्यांकडे पाहिलं. तात्या हसत होते. बिचारे आशेने हसत होते, पण माणिकताईंना ते हसू तसं दिसलं नाही. इतकी वर्षं ज्याची बोलती बंद केली, तो माणूस आज सगळ्या गावादेखत जिंकणार, एवढंच त्यांना दिसलं.

"डॉक्टर म्हणतात ते ऐकायला फार बरं वाटतं," त्या म्हणाल्या, "पण रोग्याला विचारून रोग कधी बरा झालाय का?"

हशा झाला आणि मागोमाग टाळ्या. एक रांग गेली, पाठोपाठ दुसरी. खुर्च्या मिटल्या. मंडपाचं मागचं कापड श्रीरंगच्या पाठीला येऊन टेकलं. तो आता पहिल्या रांगेत होता आणि त्याच्यामागे कोणी नव्हतं. तात्यांनी कपाळाला हात लावला.

वाक्य तोंडातून गेल्यावर माणिकताईंना आपण काय केलं ते कळलं. आता वाईट बोलायचं, मुद्दाम वाईट बोलायचं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. त्या अडखळल्या. एका वाक्याचा कर्ता दुसऱ्या वाक्याला जोडला. एक सुभाषित अर्धवट म्हणून सोडून दिलं. डावीकडच्या मंडळींनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं.

"गळा दाटून आलाय बाईंचा," कोणीतरी म्हणालं.

"मुलगा समोर आहे ना त्यांचा. आईचं काळीज आहे ते."

"तसं नाही," माणिकताई म्हणाल्या. "ऐका. मी सगळं खोटं बोलले. मला सुपारी अख्खी आली म्हणून बोलले. मला हा ठराव नको आहे. माझा मुलगा मला घरी हवाय. त्याला नेऊ नका. बाकीच्यांनाही परत आणा. बापूसाहेब, मी हरले असं लिहा."

पुढच्या एका बाईने पदर तोंडाला लावला. बापूसाहेबांनी चष्मा काढून पुसला. घंटेवर हात ठेवलेला माणूस ती वाजवायची विसरला. माणिकताईंना वाटलं, पोचलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या वाक्य न घडवता बोलल्या होत्या.

"असं भाषण या मंडपात झालं नाही," बापूसाहेब भरल्या आवाजात म्हणाले. "स्वतःचं पोर समोर असताना ठरावाच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे काय, ते आज ताईंनी दाखवून दिलं."

"मी विरोधात बोलतेय," माणिकताई म्हणाल्या.

"किती तो त्याग," बापूसाहेब म्हणाले.

श्रीरंग खुर्चीच्या कडेवर आला होता. त्याचे पाय उठायला लागले होते आणि ते दाबून धरायला त्याने गुडघ्यांवर हात ठेवले होते. "आई," तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "अजून काहीतरी बोल."

माणिकताईंनी तोंड उघडलं. ध्वनिक्षेपक हातातून सुटला, म्हणजे त्यांची वेळ संपली होती. त्या व्यासपीठाच्या कडेला आल्या. समोर तीच माणसं होती, ज्यांच्या पोरांना त्यांनी व्याकरण शिकवलं होतं, ज्यांच्याकडे हळदीकुंकवाला त्या जात होत्या. कोणापुढे कधी न वाकलेल्या बाई त्या सगळ्यांपुढे वाकल्या.

"पाया पडते तुमच्या," त्या म्हणाल्या. "टाळ्या वाजवू नका. हात जोडते."

आणि त्यांनी हात जोडले. तळवा तळव्याला लागला, त्याचा आवाज झाला.

लहानसाच आवाज होता तो. पण लोक एवढ्याचीच वाट बघत होते. डावी बाजू उभी राहिली आणि सगळा मंडप एकदम कडाडला, अशा टाळ्या त्या गावात कधी वाजल्या नव्हत्या. तात्यासुद्धा वाजवत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात चालूच होते.

श्रीरंग उठला. शर्ट नीट केला. पायऱ्या चढून वर आला. आईजवळ आल्यावर तो एवढा हळू चालू लागला की ती सहज त्याचा दंड धरू शकली असती. तो थांबला नाही, पण जेवढं रेंगाळता येईल तेवढं रेंगाळला आणि तिच्या बाजूचा हात त्याने थोडा पुढे केला.

माणिकताईंनी हात पसरायला बघितलं. हात पसरले, खांद्याएवढे दूर गेले, आणि पुन्हा एकमेकांवर येऊन आपटले. ते पुन्हा पसरले, पुन्हा आपटले. श्रीरंगची बाही त्यांच्या बोटांना लागून गेली, आणि त्या मुलाच्या पाठीकडे बघत टाळ्या वाजवत राहिल्या.