मिस्त्रीचं फडकं

साहेब, तुम्ही मैदानाचे प्रमुख; मिस्त्रीला चाचणीच्या मैदानावरून हाकललंत ते तुम्हीच. सही तुमची, शिक्का तुमचा. कारण लिहिलंत, 'चाचणीत ढवळाढवळ'. पण तोंड उघडून त्यानं किती पोरांचे जीव राखले, ते कुठं लिहिलं नाहीत. म्हणून ही गोष्ट आता उघड्यावर सांगायची.

पायदळासाठी नवी रायफल निवडायची होती. जुनी भक्कम, पण खांदा मोडून टाकायची, आणि तिची काडतुसं इतकी जड की ती वाहताना जवान शिव्या घालत चालायचे. नवीन येणारी हलकी हवी, काडतूसही बारीक हवं, म्हणजे तेवढ्याच ओझ्यात जास्त गोळ्या नेता येतील. बाकीच्या कंपन्यांच्या रायफली पाण्यात, वाळूत, गारठ्यात एकेक करून गळाल्या. उरली एकच. तिचं पुढचं टोक बघून मैदानावरच्या लोकांनी तिला 'लांबनाकी' नाव ठेवलं होतं.

ती झाडायचं काम ताईचं. ताई चाचणी-तुकडीतली नेमबाज. तिच्याहून मोठे लोकही तिला ताईच म्हणत. तिचा धाकटा भाऊ सरहद्दीवरच्या पलटणीत होता, आणि नवी रायफल सगळ्यात आधी त्याच पलटणीला मिळायची होती. फोनवर त्याचं एकच टुमणं.

"ताई, पास कर गं तुझ्या त्या नाकवालीला. माझा खांदा आता माझा राहिला नाही."

"पास होणं तिच्या हातात. मी नुसता चाप ओढते."

"मग जरा प्रेमानं ओढ की!"

शेवटची परीक्षा मळकी. म्हणजे आठवडाभर गोळ्या झाडत राहायचं आणि रायफल एकदाही पुसायची नाही. लढाईत पुसायला सवड कुणाला असते? लांबनाकीनं जराही कुरकुर केली नाही. रायफल निवडणाऱ्या समितीचे चेहरे फुलले. कंपनीचा माणूस तर दिसेल त्याचा हात धरून हलवत सुटला.

"जपून, साहेब," ताई म्हणाली, "उद्या ह्याच हातानं नेम धरायचाय."

शेवटच्या सकाळी तिनं शस्त्रागारातून रायफल घेतली, खटका मागे ओढला आणि थबकली. आतून तेलाचा वास येत होता; इतके दिवस घाईत तिच्या तो ध्यानातच आला नव्हता. आठवडाभर न पुसलेल्या रायफलीला जळक्या दारूचा वास यायला हवा.

"मिस्त्री, हिला कुणी हात लावला?"

रायफलींची दुरुस्ती आणि राखण मिस्त्रीकडे. तो दारात चहा पीत बसला होता. एका हातात कप, दुसऱ्यात फडकं. हे फडकं घेऊनच तो जन्माला आला, अशी सगळे त्याची थट्टा करत.

"कोण लावणार? किल्ली माझ्याकडे."

"मग आत तेल कुठून आलं?"

मिस्त्रीनं फडक्याकडे पाहिलं. ते तेलानं आणि काजळीनं काळंठिक्कर झालं होतं. रोज संध्याकाळी रायफल परत आली की गप्पा मारता मारता त्याचा हात आत जायचा. शेंबडं पोर समोर आलं की आईचा हात जातो ना, तसा. त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"अगं... मी कधी..." त्यानं कप खाली ठेवला. "माझ्या लक्षातच आलं नाही गं."

गप्प बसलं तर संध्याकाळी रायफल पास. पण ती मिस्त्रीविना चालते की नाही, हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तीच भावाच्या हातात पडणार होती.

"मी सांगते आत जाऊन."

"तू गप्प बैस. फडकं माझं, तर तोंडही माझंच."

समितीपुढं उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. अध्यक्ष वैतागले. "झालं ते झालं. जरा पुसली म्हणून काय आभाळ कोसळलं?"

"साहेब, खंदकात मी नसतो."

समितीतल्या दारूगोळ्याच्या तज्ज्ञ बाई उठून उभ्याच राहिल्या. "परीक्षा पुन्हा घ्या. आणि ह्यांचे हात बांधून ठेवा."

"बांधाच, बाई," मिस्त्री म्हणाला. "माझा मलाच भरवसा नाही."

त्यानं फडकं ताईच्या हवाली केलं आणि पुढचे दिवस दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बाकावर बसून काढले. रायफल मळत गेली आणि एका दुपारी अडली. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी आतच चिकटली. ताईनं ओढलं, आपटलं, शेवटी लाथ घातली; ढिम्म हलेना. बाईंनी काडतुसं फोडून तपासली. आतली दारू जळताना चिकट काजळी सोडत होती. कंपनीला दारू बदलावी लागली. मग मळकी परीक्षा पुन्हा झाली आणि लांबनाकी खरीखुरी पास झाली.

वर्ष सरायच्या आत भावाच्या चौकीवर हल्ला झाला. धुळीचं वादळ, आणि त्यातच गोळीबार. सुट्टीवर आल्या आल्या तो म्हणाला, "चालली गं ताई. शेवटपर्यंत चालली. पुसायचं सुचलंसुद्धा नाही. आधी मला त्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे ने."

मैदानावरून हाकलल्यापासून मिस्त्री घरीच; दाराच्या बिजागरीला तेल घालत बसला होता. बायको म्हणाली, "एकही दार वाजत नाही आता. घरात कोण आलं, कोण गेलं, पत्ता लागत नाही बघा."

भावानं काय काय बोलायचं ठरवलं होतं. पण त्यानं म्हाताऱ्याचा काळा हात दोन्ही हातांत घेतला आणि धरूनच ठेवला. "अरे, तेल लागेल तुला," मिस्त्री पुटपुटला. ताईनं जपून ठेवलेलं फडकं त्याच्या मांडीवर ठेवलं. ते तिनं धुतलं नव्हतं.

"तुमच्यामुळे हा समोर उभा आहे, मिस्त्री."

"माझ्यामुळे तर मरत होता."

"तुम्ही बोललात म्हणून उभा आहे."

नव्या रायफलीच्या समारंभात तुम्ही कंपनीचे आभार मानलेत, समितीचे मानलेत, मंडप घालणाऱ्याचेही मानलेत. आपली चूक आपल्या तोंडानं सांगणाऱ्याला घरी बसवलंत. उद्या मैदानावर दुसऱ्या कुणाचा हात असाच नकळत आत जाईल. मिस्त्रीचं काय झालं ते बघितल्यावर तो माणूस कशाला तोंड उघडेल? साहेब, उत्तर द्या.