एक मुका खटका

मेंढ्या डोंगरावर न्यायला थोडेच दिवस उरले होते, आणि ग्राशीच्या लक्षात आलं की गानिशच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा आपल्याच्याने ओढवत नाही. संधिवाताने तिच्या बोटांची पेरं सुजली होती. दोन्ही अंगठे लावले तेव्हा कुठे घोडा मागे आला, आणि तोवर कोकरांच्या वाड्यात शिरलेला साप लाकडांखाली पसार झाला.

तिच्या नवऱ्याला, गानिशला, जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून कळप घेऊन तिचा धाकटा दीर एरामुन एकटाच वर जायचा. पण हिवाळ्यात घोड्यावरून पडून त्याचा गुडघा कामातून गेला, तेव्हा यंदा मी जाणार, असं ग्राशीने परस्पर जाहीर करून टाकलं. नेवाडाच्या त्या डोंगरात हत्याराशिवाय राहायची सोय नव्हती.

ती शहरात टिबेट्सकडे गेली. म्हातारा बंदुका दुरुस्त करण्यात हयात घालवलेला. त्याने रिव्हॉल्व्हर उजेडात धरलं. नळीचा काळा रंग उडून गेलेला, लाकडी मूठ डावखुऱ्या गानिशच्या हाताने एका बाजूला झिजलेली.

"बाई, नवं घ्या," तो म्हणाला. "हे भिंतीवर लावा."

"भिंतीवर त्यांचा फोटो आहे. तेवढा पुरे."

मग त्याने काय काय करता येईल ते सांगितलं. स्प्रिंग हलकी करायची, घोड्याचं टोक रुंद करायचं, मूठ तिच्या उजव्या हाताच्या मापाची बसवायची. एवढ्याला ती कबूल झाली. नळी आखूड करायला आणि नवा रंग चढवायला मात्र तिने साफ नकार दिला. टिबेट्सने गोळ्यांचं चाक कानाशी धरून हळूहळू फिरवलं. पाच खटके स्पष्ट वाजले, सहावा मुकाच गेला.

"सहाव्या गोळीचं हे घर झिजलंय. चाक इथे नीट थांबत नाही. आज ना उद्या गोळी झाडताना शिसं कडेने उडेल. हेही बदलावं लागेल."

"ते राहू दे," ग्राशी म्हणाली.

तो ऐकेना. हे असंच ठेवून बाकीचं काम मी करणार नाही, म्हणाला. तिने रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळलं आणि ती तडक घरी आली.

तो मुका खटका तिला कसा सोडवेल? गानिश संध्याकाळी आला की ओसरीत उभा राहून चाक फिरवत एकेक गोळी काढायचा. आत चुलीपुढे पाठमोऱ्या ग्राशीला ते खटके ऐकू यायचे, आणि सहावा वाजला नाही की ती वाढायला घ्यायची. 'आलो गं' असं तो जन्मात कधी म्हणाला नाही. तो गेल्यावर कित्येक संध्याकाळी तिने डोळे मिटून ते रिकामं चाक स्वतःच फिरवलं होतं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी एरामुन जेवायला आला तेव्हा तिने सांगितलं. रिव्हॉल्व्हरमध्ये काही बदलू नकोस, असं आल्या आल्या बजावणाऱ्या एरामुनने ते ऐकून पाव पुढ्यात ओढला. मग पाव मोडता मोडता हसला.

"त्या खटक्याला तो रोज शिव्या घालायचा, ग्राशी. वर तंबूत असलो की रोज. दर वर्षी म्हणायचा, यंदा नीट करून आणतो. आणि शहरात गेला की तुझ्यासाठी काहीबाही घेऊन यायचा, हे विसरून."

ग्राशीला हे ठाऊकच नव्हतं. घरी त्याने कधी शिवी उच्चारली नव्हती. डोंगरावर वर्षातले चार महिने राहणारा, चिडणारा, बडबडणारा गानिश फक्त एरामुनला माहीत होता. तिला दिराचा हेवा वाटला.

"अजून काय काय बोलायचा?" तिने विचारलं.

दिवे लागेपर्यंत एरामुन सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी ती रिव्हॉल्व्हर घेऊन टिबेट्सकडे गेली आणि म्हणाली, ठरलेलं सगळं करा, ते सहावं घरही.

काम होऊन आलं त्या संध्याकाळी तिने ओसरीत उभं राहून चाक फिरवलं. सहाच्या सहा खटके सारखे वाजले. एरामुन आत दुखरा पाय खुर्चीवर टेकवून बसला होता.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

"मीच," ती म्हणाली, आणि आत जायच्या आधी बराच वेळ कठड्याला धरून उभी राहिली.

जूनमध्ये ती कळप घेऊन वर गेली. नवी मूठ हातात छान बसत होती, घोडा एका अंगठ्याने मागे येत होता. पहिल्या संध्याकाळी मेंढ्या बसल्या, वारा पडला. तिने घेवड्याचं पातेलं विस्तवावर ठेवलं आणि तंबूपुढे बसली. त्या दिवशी तिने गानिशची वाट पाहिली नाही, असं नाही. पाहिली. मग अंधारायला लागलं तशी कोणी जवळपास नाही असं बघून तिने त्याची एक शिवी, एरामुनने सांगितलेली, हळूच म्हणून पाहिली.