एकतिसांची हजेरी

गावाला जिल्ह्याचं ठिकाण होऊन शंभर वर्षं झाली म्हणून टॅल्बटच्या उत्सव समितीनं पुस्तक छापलं होतं. गुळगुळीत कागद, वर कोर्टाच्या घुमटाचं रंगीत चित्र. ओडेसा प्रुएटनं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा दोन पानांचे कोपरे दुमडले.

सत्तेचाळिसाव्या पानावर होतं : ‘१८७२च्या मतदानात न्यू लेबनन गावाला बावीस मतांनी हरवून आपल्या दूरदर्शी पूर्वजांनी जिल्ह्याचं ठिकाण टॅल्बटला आणलं.’ आणि एकसष्टाव्यावर : ‘संध्याकाळी सहाचा भोंगा हा आपल्या गावाचा गोड आवाज. तो कामकऱ्यांना जेवणाची आठवण करून देतो.’

“जेवणाची?” रिकाम्या घरात ओडेसा ओरडली. “मेल्यांनो, जेवणाची?”

त्या मतदानाला मिल क्रीकच्या वस्तीवरून एकतीस काळे शेतकरी चिखलातून नऊ मैल चालत आले होते. ओडेसाचा आजा एझ्रा त्यांच्यात होता. टॅल्बटच्या पुढाऱ्यांनी शब्द दिला होता : ठिकाण आमच्याकडे आलं की चौकात तुम्हाला दुकानं, शाळेत तुमच्या पोरांना बाकं. मतं पडली, ठिकाण आलं, कोर्ट उभं राहिलं. आणि तीसेक वर्षांनी गावाच्या चारी वेशींवर पाट्या लागल्या, की काळ्यांनी दिवस मावळायच्या आत गाव सोडावं. दिवस मावळला की नाही यावर हुज्जत नको म्हणून पाण्याच्या टाकीवर भोंगा बसवला. ओडेसाची आई चौकातल्या घरांतून धुणी धुवायची. भोंगा झाला की ओल्या हातांनीच वेशीकडे धावत सुटायची. पुढे पाट्या निघाल्या. भोंगा राहिला.

दुसऱ्या दिवशी ओडेसा पुस्तक काखेत मारून वाचनालयात गेली. समितीच्या अध्यक्षा मिसेस थेल्मा राइनहार्ट तिथे कागदी झेंडे मोजत बसल्या होत्या. ओडेसा अडुसष्टची, त्या साठीच्या. तरी हाक ठरलेली : त्यांनी नुसत्या नावानं, ओडेसानं ‘मिसेस’ लावून.

“ये गं ओडेसा! वाचलंस? सुरेख झालंय ना?”

“मिसेस राइनहार्ट, तुमच्या पुस्तकात आमची एकतीस माणसं नाहीत.”

“कुठली माणसं?”

ओडेसानं सांगितलं. मिसेस राइनहार्टनी मान वाकडी करून, आजाऱ्याचं ऐकावं तसं ऐकून घेतलं.

“अगं, पण याला कागद आहे का काही? मतदानाच्या याद्या तर अठराशे एकोणनव्वदच्या आगीत गेल्या.”

“कागद जळला. नावं मला पाठ आहेत.”

“पाठ!” त्या हसल्या. “माझ्या सासऱ्यांना सगळ्या घोड्यांची नावं पाठ होती. इतिहास असा नसतो गं होत. आणि आता छापून झालंय. पण तुम्ही लोक शनिवारी गा ना! तुमचं ते जुनं, एकानं ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी मागून ओढायची. लोकांना फार आवडेल.”

ओडेसाच्या जिभेवर आलेलं तिनं गिळलं. कडू होतं.

“गाऊ,” ती म्हणाली.

नावं पाठ होती ती देवळामुळे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मिल क्रीकच्या लाकडी चर्चमध्ये रेव्हरंड टिबेट त्या एकतीस मूळपुरुषांचं प्रवचन करत. साध्या बोलण्यानं सुरुवात. मग शब्दाला लय येई, लयीला सूर फुटे, आणि ऐकणाऱ्याला कळायच्या आत बोलण्याचं गाणं झालेलं असे. त्या भरात ते एकेक नाव पुकारत आणि सगळी मंडळी उठून ‘हजर!’ म्हणत. त्या आरोळीत ओडेसाला देव जितका जवळ वाटे तितका एरवी कधी वाटत नसे. पण आता मंडळी उरली होती अकरा, आणि त्यात सगळ्यात लहान चौपन्न वर्षांचा. हे अकरा गेले की एकतीसही गेले.

तिचा बेत ऐकून रेव्हरंड टिबेट बराच वेळ टोपी फिरवत बसले.

“मदर प्रुएट, राग घेऊन गायला उभं राहू नये.”

“मग काय घेऊन उभी राहू, केक? सफरचंदाचा की रताळ्याचा?”

रेव्हरंडांना हसू आवरेना. मग ते गंभीर झाले. “ते ध्वनिक्षेपक बंद करतील.”

“आपल्या देवळात कधी होता का ध्वनिक्षेपक?”

शनिवारी कोर्टासमोरची हिरवळ माणसांनी फुलून गेली. उकडलेली कणसं, लिंबाचं सरबत, बँड. मेयरसाहेबांचं भाषण संपता संपेना. सहाला दहा कमी असताना मिसेस राइनहार्ट पुढे आल्या.

“आता मिल क्रीकची मंडळी! ओडेसा एक ओळ सांगेल, ती आपण सर्वांनी तिच्यामागून म्हणायची. पुस्तकबिस्तक काही नको. लाजू नका हं!”

ओडेसा पायऱ्यांवर उभी राहिली. पाठीमागे दहा जण, त्यात रेव्हरंड. तिनं ओळ टाकली : “प्रभू, ही चालत आलेली माणसं बघ.” दीड हजार गळ्यांनी ती लांबवून परत दिली. आवाज घुमटाला लागून खाली आला.

“एझ्रा प्रुएट आला चालत.”

“एझ्रा प्रुएट आला चालत,” गावानं म्हटलं.

“सायलस गेंट्री आला चालत. मत दिलं या चौकात.”

गावानं तेही म्हटलं. बायका डोलत होत्या. मिसेस राइनहार्ट हातानं ताल धरून सर्वांत मोठ्यानं म्हणत होत्या. जे तोंड वाचनालयात ‘कागद आहे का’ विचारत होतं, त्याच तोंडातून मोझेस टर्पिन, अ‍ॅमॉस टर्पिन, जुबल हेज बाहेर पडत होते. ओडेसाला गोड वाटायला हवं होतं. वाटलं नाही. छाती संतापानं भरून आली, की इतकं सोपं होतं तर हे! नुसतं म्हणायचं होतं!

आठव्या नावाला मेयरसाहेबांनी कार्यक्रमपत्रिका उलटून पाहिली. दहाव्याला पुढच्या रांगा गप्प झाल्या. मिसेस राइनहार्टचा ताल थांबला. कुणीतरी म्हणालं, “हे काय चाललंय?” तेराव्याला ध्वनिक्षेपक मेला. ओडेसानं आवाज चढवला. मागचे दहा आणखी चढले. आता रेव्हरंड टिबेटांचा सूर रविवारच्यासारखा फाटून वर गेला होता. मागच्या रांगांतले काही अजून भाबडेपणानं म्हणत होते. बाकीचे खुर्च्या मिटायला लागले.

एकोणिसावं नाव ओठांतून सुटलं आणि टाकीवरचा भोंगा झाला.

अडुसष्ट वर्षांची ओडेसा, आणि तरीही तिचे पाय आपोआप वेशीकडे वळायला आले. आईचे ओले हात तिला दिसले. तिनं कोर्टाची पायरी टाचेनं दाबून धरली. भोंगा पुरता ओरडून गप्प झाला तेव्हा हिरवळीवर कुणी म्हणत नव्हतं.

मिसेस राइनहार्ट लगबगीनं वर आल्या. चेहरा लाल, गळ्यावर घाम. त्यांनी तिच्या कोपराला धरलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “पुरे आता. ओडेसा, सहा वाजले.”

ओडेसानं कोपर सोडवून घेतलं.

“ऐकलं मी, थेल्मा,” ती म्हणाली. “अजून बारा राहिलेत. हवं तर म्हण, नको तर बाजूला हो.”

आणि तिनं विसावं नाव पुकारलं.