हात वर

लंबू मेला तो स्वतःच्या मस्तीनं, असं वकिलानं ठरवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मेलेल्या माणसाची एक सोय असते, तो उलटून बोलत नाही.

काइटसर्फिंगचं खूळ तिघांच्या डोक्यात एकदमच शिरलं होतं. वकील, लंबू आणि फ्रीज दुरुस्त करणारा मिस्त्री. सुट्टी आली की कमरेला पट्टा बांधायचा, भला मोठा पतंग वाऱ्यावर सोडायचा आणि पायाखाली फळी घेऊन बेटाच्या कडेकडेनं एका खाजणातून दुसऱ्या खाजणात सुसाट जायचं. खाजणात पाणी छातीइतकं, पडलं तरी पाय टेकतात. त्याच्या बाहेर प्रवाळाची भिंत. आणि भिंतीपलीकडचा समुद्र कुणाच्या बापाचा नाही.

त्या दिवशी वकील आपटला आणि त्याची फळी भिंतीतल्या खिंडीतून बाहेर वाहत गेली.

"नवी कोरी होती रे," वकील असा कळवळला, जणू पोटचं पोर वाहून गेलं.

"रडू नकोस, आणतो," लंबू म्हणाला आणि गेला.

दोघं वाळूवर बसून राहिले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे लंबूचा पतंग पाण्यात पसरलेला दिसला. शेजारी लंबू, दोन्ही हात वर.

शिकवणीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोन्ही हात वर म्हणजे मदतीला या.

"बघ, शरण आला," वकील म्हणाला.

मिस्त्री हसला. चांगला खो खो हसला. हसू ओसरलं तेव्हा त्यानं वकिलाकडे पाहिलं. वकील मान खाली घालून पतंगाच्या दोऱ्या गुंडाळत होता.

"वारा बाहेर ओढतोय," वकील म्हणाला. "जो जाईल तो परत यायचा नाही. होडीवाल्याला सांगू."

होडी पलीकडच्या खाजणात. मिस्त्रीनं समुद्राकडे पाठ केली आणि चालू लागला. धावला नाही. धावला असता तर पाहिलं होतं हे कबूल करावं लागलं असतं.

होडीला आधी पतंग मिळाला, मग लंबू. चौकीत वकिलानं सांगितलं, "आम्ही थांब थांब म्हणत होतो, ऐकलं नाही." फौजदारानं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "हो ना." झालं. पाण्यात एकानं हात वर केले, जमिनीवर दोघांनी.

पुढे लंबूच्या बायकोचा फ्रीज बंद पडला. दुसरा मिस्त्री तिला माहीत नव्हता. घर म्हणजे शिवणकामाच्या दुकानामागची एक खोली. भिंतीवर लंबूचा फोटो, तोंड भिंतीकडे.

"पोरगा करतो तसं," ती म्हणाली. "मी सरळ करते, तो परत फिरवतो. आजोबा रोज ऐकवतात ना, तुझ्या बापाला मस्ती नडली."

मिस्त्री फ्रीजमागच्या जळमटात गुडघे टेकून बसला होता. हातातला पाना फिरेना.

"भाऊजी, खरंच थांब म्हणालात तुम्ही?"

"नाही, वहिनी."

"मग?"

"फळी वकिलाची होती. ती आणायला गेला. अडकला तेव्हा हात वर केले त्यानं. आम्ही पाहिले."

ती रडेल, शिव्या देईल, काहीतरी फेकून मारेल, अशी त्याची तयारी होती. तेवढ्यावर भागलं असतं तर त्याचं बरंच झालं असतं. तिनं गळ्यातली मोजपट्टी काढून शिलाई मशीनवर ठेवली, उठून फोटो सरळ केला.

"कसे केले होते वर? दाखवा."

"वहिनी…"

"पाना ठेवा खाली. दाखवा."

तो उभा राहिला. दोन्ही हात वर केले. खोली बुटकी, बोटं छताला लागली.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"हसलो. मग पाठ फिरवली."

"तेव्हा हात खाली आले होते त्यांचे?"

"नाही. वरच होते."

तिनं मान हलवली. परत खुर्चीवर बसून त्याच्याकडे पाठ केली, सुईखाली कापड सरकवलं आणि मशीन चालू केलं. एक शिवण झाली, दुसरी झाली. मिस्त्रीचे दंड थरथरायला लागले, खांद्यात कळा आल्या.

खाली घ्या, असं ती म्हणाली नाही. विचारायचं तोंड त्याला नव्हतं.