बिनवासाचा गॅस

सोमवारी बाईंनी टाकीत लोखंडाच्या क्षाराचं द्रावण सोडायला सुरुवात केली आणि बुधवारी सकाळी गॅसचा मीटर जवळजवळ थांबला.

बाई रसायनशास्त्रज्ञ. भाजीबाजाराचा कुजका माल त्या टाकीत जायचा, आतले जिवाणू तो खाऊन गॅस बनवायचे आणि तो गॅस नळीने समोरच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात जायचा. एकच खोड होती. गॅसला सडक्या अंड्यांचा वास यायचा आणि ज्या वायूचा तो वास, तो शेगड्यांचे बर्नर खाऊन टाकायचा. त्याला लोखंड आतल्या आत पकडतं, हे बाईंनी प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमध्ये दोन वर्षं तपासलं होतं. पण बाटली ती बाटली. घराएवढ्या टाकीत हे पहिल्यांदाच होत होतं.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. हॉस्पिटलचं स्वयंपाकघर तीच सांभाळायची.

"वहिनी, ज्योत मेणबत्तीएवढी झालीय. दोनशे माणसांचं जेवण मी काय फुंकर मारून शिजवू?"

"सिलिंडर असेल ना?"

"लावलाय. पण तो काय जन्मभर पुरणार आहे? तुझं काही चुकलं का गं?"

बाईंनी फोन ठेवला. जिवाणू मेले असतील तर टाकी पुन्हा चालू व्हायला दोन महिने तरी लागतील. आणि हट्ट सगळा त्यांचाच होता. त्यांनी टाकीतला नमुना काढला. जिवाणू मरायला लागले की आतला राडा आंबट होतो. तपासला, तर आंबट नव्हता. पुन्हा तपासला. तेच. त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना फोन लावला.

"सर, बहुतेक मी जिवाणू मारले."

"नमुना आंबट आहे?"

"नाही."

"मग जिवंतांच्या नावानं रडताय कशाला? गॅस गेला कुठे, ते शोधा आधी."

टाकी सांभाळणारे काका मीटरच्या खोलीच्या दारातच उभे होते. वीस वर्षं त्यांनी ही टाकी चालवली होती. ते चाचरत म्हणाले, "मॅडम, वर गुडगुड होतेय. मघापासून ऐकतोय. पण वास नाही, म्हणून म्हटलं, असेल काहीतरी."

टाकीवर पाण्याचं एक भांडं बसवलेलं होतं. आत दाब वाढला की गॅस त्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडायचा, म्हणजे टाकी फुटायची नाही. बाई जिन्याकडे धावल्या आणि पहिल्याच पायरीवर थबकल्या.

"काका, वास येणार कसा? तो आपणच काढलाय ना! गॅस सगळा वरून चाललाय. एक ठिणगी पुरेल. दोघांचे फोन खोलीतच ठेवा, टाकी ढवळायची मोटार बंद करा आणि इकडे कुणाला फिरकू देऊ नका."

म्हणजे नळी कुठेतरी तुंबली होती. दोघं नळीच्या कडेनं चालत गेले. भिंतीपाशी ती जिथे खाली वळत होती, तिथे एक छोटी तोटी होती. ती दिसताच काकांचा चेहरा पडला.

"नळीत साचलेलं पाणी इथून रोज सोडायचं असतं. माझंच काम. पण हे तीन दिवस तुमच्या द्रावणाचे ड्रम ढवळण्यात पार विसरून गेलो."

"अहो, मग उघडा की!"

तोटीतून भसाभस पाणी आलं. दीड बादली भरली. मग फुस्स झालं, तशी काकांनी झटकन तोटी बंद केली. खोलीत येऊन पाहतात तर मीटरचा आकडा सरसर सरकत होता. बाई स्टुलावर मटकन बसल्या. हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

काका मात्र मान खाली घालून उभे होते. "वर कळवावं लागेल, नाही?"

"कळवायचंच. आणि हेही, की माझ्या कामासाठी मी तुम्हाला तुमच्या कामातून उठवलं."

काकांनी मान वर केली. "इतकी वर्षं त्या वासाला शिव्या घातल्या मॅडम. पण गॅस सुटला की तो बिचारा आधी ओरडायचा."

"खरंय," बाई म्हणाल्या आणि तिथेच बसून त्यांनी गॅस हुंगणाऱ्या दोन यंत्रांची मागणी लिहायला घेतली. एक टाकीवर, एक या खोलीत. ती येईपर्यंत द्रावण बंद. अर्ध्यात पुन्हा नणंदेचा फोन वाजला.

"वहिनी, ज्योत निळीशार! आणि घाण वास औषधालाही नाही. काय केलंस गं?"

"दीड बादली पाणी काढलं," बाई म्हणाल्या. "जेवायला तुझ्याकडेच येतेय. काकांनाही आणते. सकाळपासून दोघांच्या पोटात काही नाही."