बुजवलेलं तोंड

मंजुळाबाईने अभिमनच्या हातात चहाचा कप दिला. गोदाम त्याचं, दूध-साखर त्याच्या घरची. तरी पहिला कप तिने त्यालाच दिला. सकाळी पांझरा नदीचं पाणी पलीकडच्या वस्तीत शिरलं, तेव्हा तोच पुलावरून ट्रॅक्टर घेऊन गेला होता आणि तिथल्या बायापोरांना इकडे घेऊन आला होता. आता खताच्या पोत्यांना टेकून सगळे बसले होते. अंगावरचे कपडे अजून ठिबकत होते.

"भाऊ, तुम्ही व्हतात म्हनीसन आमले छप्पर भेटनं," मंजुळाबाई म्हणाली.

अभिमनने कप न पिताच पोत्यावर ठेवला.

त्याच्या वडिलांच्या काळात नदीच्या अलीकडच्या काठाला मातीचा उंच बांध घातला गेला. त्याआधी पुराचं पाणी या सखल रानात पसरायचं, मुरायचं, गाळ ठेवून परत पात्रात जायचं. बांध झाल्यावर रान कोरडं राहिलं आणि अडलेलं पाणी पलीकडे वस्तीवर चढू लागलं. या उन्हाळ्यात ग्रामसभेत ठरलं, की बांधाला रुंद तोंड पाडायचं आणि नदीला तिचं रान परत द्यायचं. रान अभिमनचं. त्याने सगळ्यांदेखत हात वर केला, तेव्हा टाळ्या पडल्या. मंजुळाबाईने तर लांबूनच हात जोडले होते. पावसाळ्याआधी तोंड पाडूनही झालं.

पण दिवाळीत लावलेली पपई आषाढात फळांनी लगडली आणि त्याचं मन फिरलं. ट्रॅक्टरवरच्या रोहिदासला सांगून त्याने ते तोंड मुरुमाने भरून घेतलं. बायकोने, ताईबाईने, विचारलं तेव्हा ट्रॅक्टरला वाट हवी म्हणून सांगितलं. त्या दिवशी ती त्याचं ताट वाढून नुसती उठून गेली.

मंजुळाबाई सांगत होती. शेळ्या सोडायला वळली तोवर पाणी कमरेला लागलं. दोन निसटल्या, गाभण होती ती दाव्यालाच राहिली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादी न कळलेली गोष्ट विचारावी तसं तिने विचारलं,

"त्या बाजूले तोंड करेल व्हतं ना, भाऊ? मंग पानी तिकडे का बरं नही गयं?"

ताईबाई दारात उभी होती. अभिमनने तिच्याकडे पाहिलं नाही. गाळ अडकला असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते.

"मीच बंद करं ते," तो म्हणाला. "पपईसाठे."

मंजुळाबाईने शिव्या द्याव्यात असं त्याला फार वाटलं. पण तिने पाठ फिरवली आणि नातवाचा सदरा पिळायला घेतला.

अभिमन फावडं घेऊन बांधावर गेला. मागून रोहिदास आला, तोही खणू लागला. आधी बोटाएवढी धार सुटली. मग मुरुम आपणच ढासळू लागला आणि दोघांना बाजूला उडी मारावी लागली. गढूळ पाणी पपईत शिरलं. फळांनी जड झालेली झाडं एकामागून एक कलंडली. दुपार कलेपर्यंत पलीकडचं पाणी उतरलं आणि घरांच्या भिंतींवर ओलीची रेघ उघडी पडली. हे पाहायला तो थांबला होता, पण पाहून त्याला हलकं वाटलं नाही.

परत आला तर गोदाम रिकामं होतं. सगळे भर पावसात शाळेच्या ओट्यावर गेल्याचं ताईबाईने सांगितलं.

"थांबा म्हनं मी. नही थांबनात."

जाण्याआधी त्या बायांनी आतली जमीन झाडून काढली होती. ताईबाईने घरून आणलेल्या गोधड्यांच्या त्यांनी कोपऱ्याला कोपरा लावून घड्या घातल्या होत्या आणि ओल लागू नये म्हणून पोत्यांच्या थप्पीवर उंच ठेवल्या होत्या. अभिमन चिखलाच्या पायांनी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.